विश्लेषण : समुद्रकिनाऱ्यावर गळाला काय लावायचे – कोळंबी की कृत्रिम मासा?

पावसाळा संपून समुद्र निवळू लागला की पुण्यातल्या हौशी मासेमारांना कोकण खुणावू लागते. हडपसर आणि आसपासच्या भागातून निघणाऱ्यांसाठी ही वाट लांबची आहे. आधी पूर्वेकडून पश्चिमेकडे अख्खे शहर ओलांडायचे, मग मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असे करत दिवेआगर किंवा श्रीवर्धन गाठायचे. एवढा प्रवास करून किनाऱ्यावर प्रत्यक्ष गळ टाकायला जेमतेम एक-दोन भरत्या मिळतात. त्यामुळे गळाला खरे आमिष लावायचे की कृत्रिम, हा निर्णय चुकला तर शनिवार-रविवार रिकाम्या हाताने संपतो. हा निर्णय आवडीनिवडीचा वाटत असला, तरी त्याचे उत्तर बहुतेक वेळा पाण्यातच असते. ते कसे वाचायचे?

गोड्या पाण्यातली सवय समुद्रावर का चालत नाही?

हडपसरकरांचे मासेमारीचे पहिले धडे बहुधा गोड्या पाण्यावर होतात. सोलापूर रस्त्याने सरळ गेले की भिगवण आणि उजनीचा जलाशय येतो. तिथे चिलापी मुबलक आहे. रोहू, कटला, मृगळ यांसाठी कणकेचा गोळा आणि इतर माशांसाठी गांडूळ, ही तिथली नेहमीची आमिषे. पाणी बरेचसे स्थिर असते, गोळा टाकला तिथेच राहतो आणि वाट पाहत बसणे हीच निम्मी कला असते.

समुद्राच्या लाटांमध्ये यातले काहीच लागू पडत नाही. कणकेचा गोळा पहिल्या दोन लाटांतच विरघळतो. तलावावरचे हलके शिसे प्रवाहासोबत वाहून किनाऱ्याला लागते. शिवाय किनाऱ्याजवळ फिरणारे बहुतेक मासे शिकारी असतात. वाळूतले किडे, खेकड्याची पिल्ले, कोळंबी, लहान बोय आणि तारली हे त्यांचे खाणे. त्यामुळे तिथे दोनच मार्ग उरतात. एक तर हेच खाणे गळाला लावून द्यायचे किंवा त्यासारखे दिसणारे आणि हलणारे काहीतरी माशापुढून न्यायचे. पहिले म्हणजे नैसर्गिक आमिष, दुसरे म्हणजे कृत्रिम आमिष किंवा ‘लूर’.

मासा आमिष ओळखतो कसा?

माशाकडे खाणे शोधण्याचे तीन मुख्य मार्ग असतात : वास, कंपने आणि नजर. कोळंबी, माकूल, तारली यांच्या मांसातून अमिनो आम्ले आणि तत्सम द्रव्ये पाण्यात मिसळत राहतात. प्रवाह हा वास दूरवर नेतो आणि मासा त्याच्या मागाने आमिषापर्यंत येतो. शिंगाळ्यासारख्या माशाच्या मिशांवरही चव ओळखणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात किंवा अंधारात त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही.

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेषा दिसते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. पाण्यातली सूक्ष्म कंपने मासा या रेषेने टिपतो. घाबरलेल्या किंवा जखमी लहान माशाची फडफड त्याला अशीच कळते. लूर नेमका या संवेदनेवर आणि नजरेवर काम करतो. त्याला साधारणपणे वास नसतो. तो ओढला की डुलतो, चमकतो, खळबळ करतो आणि शिकारी माशाला झडप घालायला उद्युक्त करतो.

यातून पहिला नियम मिळतो. आमिष जागेवर थांबून माशाला बोलावते, तर लूर माशाच्या शोधात फिरतो. मासा दिसू शकणार नाही अशा पाण्यात लूर निम्म्याहून अधिक शक्ती गमावतो.

कोकणचे पाणी काय सांगते?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा नियम फार महत्त्वाचा ठरतो, कारण इथले पाणी सगळीकडे आणि वर्षभर सारखे नसते. रायगडच्या उत्तर भागात धरमतरसारख्या खाड्यांचा गाळ समुद्रात उतरतो. तिथे किनाऱ्याजवळचे पाणी बराच काळ मातकट असते. दक्षिणेला, विशेषतः मालवणच्या बाजूला, खडकाळ किनाऱ्याजवळ पाणी तुलनेने स्वच्छ मिळते. पावसाळ्यानंतर लगेच सगळीकडेच गढूळपणा असतो. हिवाळ्यात वारा पडला की पाणी निवळते.

भरतीचाही परिणाम होतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाला पाण्याची ये-जा मोठी आणि वेगवान असते. त्यामुळे वाळू आणि गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीला हालचाल कमी आणि पाणी त्या मानाने निवळ असते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हडपसरहून निघताना कॅलेंडरमधला शनिवार पाहून भागत नाही, तिथीही पाहावी लागते.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर एक साधी चाचणी करता येते. गुडघाभर पाण्यात उभे राहून आपली पावले दिसतात का, हे पाहावे. दिसत असतील तर लूरला संधी आहे. घोट्याखालीच पाणी चहासारखे होत असेल, तर कोळंबी काढावी.

नैसर्गिक आमिष कधी सरस?

लांबच लांब वाळूची पुळण, गढूळ पाणी, रात्रीची वेळ आणि फोडणाऱ्या लाटा अशा स्थितीत आमिषच चालते. मुडदुशी, ढोमा, शिंगाळा, रावस असे मासे तळाशी किंवा तळाजवळ खाणे शोधतात. त्यांना आमिषाचा वास लवकर लागतो.

वाळूचा किनारा सपाट दिसला तरी पाण्याखाली उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोलगट पन्हाळी असतात. लाट जिथे फुटते तिथे उथळ उंचवटा असतो. फुटल्यानंतर जिथे ती क्षणभर शांत होते आणि पाण्याचा रंग गडद दिसतो, तिथे खोलगट भाग असतो. लाटांनी उकरलेले खाणे याच पन्हाळीत साचते आणि मासेही तिथेच येतात. ओहोटीच्या वेळी किनारा पाहून ठेवला तर भरतीला गळ कुठे टाकायचा, ते आधीच ठरते. अनेकदा ही जागा अवघ्या २०-३० मीटरवर असते. नवखे लोक मात्र जोर लावून तिच्या पलीकडे गळ फेकत राहतात.

आमिष ताजे असणे महत्त्वाचे. पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून कोळंबी, माकूल किंवा तारली बर्फात घेऊन निघता येते. मात्र घाट उतरेपर्यंत बर्फ वितळून आमिष त्याच पाण्यात भिजत राहिले, तर कोळंबी मऊ पडते आणि फेकतानाच गळावरून उडून जाते. बर्फ आणि आमिष वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणे हा साधा उपाय आहे. हर्णैसारख्या बंदरावर लिलावाच्या वेळी पोहोचता आले, तर स्थानिक ताजी मासळी मिळते. त्या दिवशी किनाऱ्याजवळ कोणते लहान मासे फिरत आहेत, याचा अंदाजही येतो.

माकुलाचे मांस चिवट असते. लाटांमध्ये ते गळावर सर्वात जास्त टिकते, म्हणून नवख्यांसाठी तेच सोयीचे. कोळंबी जवळपास सगळ्याच माशांना चालते, पण लवकर निसटते. ती बारीक लवचीक दोऱ्याने गळाला गुंडाळावी. तारली आणि बांगड्याचे तुकडे तेलकट असल्याने त्यांचा वास लांब पसरतो. मोठ्या माशासाठी ते चांगले. पण शिंगाळे आणि खेकडेही तितक्याच उत्साहाने येतात आणि खेकडे काही मिनिटांत आमिष साफ करतात. म्हणून दर १५-२० मिनिटांनी दोरी गुंडाळून गळ तपासावा. रिकाम्या गळापुढे तासभर बसणे ही किनाऱ्यावरची सर्वात सामान्य चूक आहे.

लूर कधी भारी पडतो?

खडकाळ टोके, खाडीची मुखे, धक्क्यांच्या कडा, निवळ पाणी आणि पहाट किंवा तिन्हीसांजेचा मंद उजेड ही लूरची वेळ. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांच्या मुखाशी ओहोटी सुरू झाली की खाडीतले बोय आणि कोळंबी पाण्यासोबत बाहेर पडतात. जिताडा आणि तांबोशी त्यांच्यासाठी प्रवाहाच्या कडेला दबा धरून असतात. तिथे लूर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून खाली वाहत आणला, तर तो घाबरलेल्या बोयसारखा दिसतो. खडकांजवळच्या निवळ पाण्यात ट्रेव्हॅली आणि बाराकुडा वेगाने ओढलेल्या लूरवर तुटून पडतात.

लूरचे चार प्रकार माहीत असले तरी सुरुवातीला पुरे. चमच्यासारखा धातूचा पत्रा वाऱ्याविरुद्धही लांब जातो. लाटा मोठ्या असताना तो उपयोगी. माशाच्या आकाराचा कडक लूर ओढला की पुढच्या जिभेमुळे डुलत खाली जातो. पॉपर पाण्यावर राहून डबडब आवाज करतो. चौथा प्रकार शिशाच्या डोक्याला लावलेल्या मऊ रबरी माशाचा. तो तळाजवळून हळू उड्या मारत आणता येतो आणि किंचित गढूळ पाण्यातही चालतो.

धातूच्या चमच्याचा इतिहास जुना आहे. अमेरिकेतल्या ज्युलिओ बुएल यांनी १८५२ मध्ये अशा लूरचे पेटंट घेतले. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून डुलणारा मासा कोरला. जखमी मासा कळपातल्या इतरांपेक्षा वेगळा, डळमळत पोहतो आणि शिकारी मासा नेमका त्यालाच धरतो, हे त्यांनी तळ्यावर पाहिले होते. आजही लूर विकत घेताना त्याच्या रंगापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. ओळखीच्या पाण्यात पायाजवळ लूर ओढून, कोणत्या वेगाला तो नीट डुलतो हे पाहून ठेवावे.

लूरचा आणखी एक फायदा पुण्याहून जाणाऱ्यांसाठी मोठा आहे. त्याला बर्फ लागत नाही, गाडीत वास येत नाही आणि तासाभरात किलोमीटरभर किनारा चालत तपासता येतो. पण हात आणि खांदे सतत कामात राहतात. शंभर वेळा फेकून एकदाच मासा लागणे हेही नेहमीचेच.

खर्च कुठे कमी?

पहिल्या दिवशी आमिष स्वस्त वाटते. पाव किलो कोळंबीत एक भरती निघते. लूर मात्र एकेक विकत घ्यावा लागतो. पण आमिषाचा खर्च दर फेरीला होतो, तर लूर हरवेपर्यंत टिकतो. खडकाळ जागी तो अडकून तुटण्याची शक्यता सर्वाधिक असते. नेमकी तीच लूरची उत्तम जागा असल्याने हा हिशेब फसवा ठरतो. वाळूच्या किनाऱ्यावर नवखा माणूस आमिषाने कमी पैशांत अधिक शिकतो.

साधनेही थोडी वेगळी लागतात. तळाशी आमिष धरून ठेवण्यासाठी साधारण १० ते १२ फुटांची काठी आणि लाटांच्या जोरानुसार ६० ते १२० ग्रॅमचे शिसे लागते. चौकोनी किंवा पिरॅमिडच्या आकाराचे शिसे वाळूत रुततो, गोल शिसे घरंगळते. लूरसाठी ८ ते १० फुटांची हलकी काठी बरी, कारण ती दिवसभर हातात धरायची असते. विणलेली दोरी ताणली जात नाही, त्यामुळे लूरची हालचाल हाताला कळते. खडकावर घासणाऱ्या शेवटच्या हातभर भागासाठी मात्र जाड तंगूस हवे. कोणतेही साधन असो, घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुतले नाही तर खारे पाणी महिन्याभरात रीळ खाऊन टाकते.

माशाच्या जिवाच्या दृष्टीने काय फरक पडतो?

या निवडीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. स्थिर आमिष मासा निवांत गिळतो. त्यामुळे गळ घशात किंवा पोटात जाण्याचे प्रमाण जास्त असते. असा मासा सोडून दिला तरी जगण्याची खात्री नसते. लूरवर मासा झडप घालतो, म्हणून गळ बहुधा तोंडाच्या कडेला अडकतो. पण लूरला अनेकदा तीन टोकांचे दोन गळ असतात. ते माशाच्या डोळ्यात किंवा कल्ल्यात रुतू शकतात आणि फडफडणारा मासा सोडवताना माणसाच्या हातातही घुसतात.

दोन्हींवर उपाय आहेत. आमिषासाठी टोक आत वळलेला गोल गळ वापरला तर तो घशातून सरकत ओठाच्या कोपऱ्यात अडकतो. मात्र मासा लागल्यावर झटका न देता दोरी संथपणे ताणावी लागते. लूरवरचे तीन टोकांचे गळ काढून एकेरी गळ लावता येतात. गळावरचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला की मासा लवकर सुटतो. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी तोंडाजवळ कापून मासा सोडणे त्याच्यासाठी अधिक सुरक्षित असते.

मासा सोडायचा कशासाठी? महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. एकदाही प्रजनन न केलेला मासा पकडला गेला तर पुढची पिढीच घटते, हे त्यामागचे कारण. जिताड्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी हवाहवासा वाटणारा मोठा जिताडा ही जवळपास नेहमीच अंडी देणारी मादी असते. हौशी माणसाने दिवसाला एखाद-दुसरा मध्यम मासा घरी नेणे आणि अगदी लहान तसेच फार मोठे मासे सोडणे, यात किनाऱ्यावर पोट असलेल्या मच्छीमारांचाही विचार होतो.

कोणता मासा हाताळताना सावध राहावे?

आमिषाला काय लागेल हे निवडता येत नाही. शिंगाळ्याच्या पाठीवरचे आणि बाजूंचे काटे विषारी असतात. पाकटाच्या शेपटीवरचा काटा खोल जखम करतो. असा काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. पण त्यानंतर डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत नेले तर वाळूत दडलेला पाकट आधीच दूर जातो. फुगणारा केंड मासा गळाला लागला तर तो खाऊ नये. त्याचे विष शिजवल्यानेही नष्ट होत नाही.

लूरच्या जागा खडकाळ असल्याने तिथला धोका वेगळा आहे. शेवाळलेला खडक, भरतीने मागची वाट बंद होणे आणि अचानक येणारी मोठी लाट यांमुळे जीव जाऊ शकतो. खडकावर उतरण्यापूर्वी १५-२० मिनिटे उभे राहून लाटा कुठवर येतात ते पाहावे. ओला झालेला खडक ही समुद्राची हद्द समजावी. एकट्याने जाऊ नये, तरंगजाकीट घालावे आणि जागेची माहिती स्थानिक कोळी बांधवांना विचारावी. जूनपासूनच्या पावसाळी मासेमारी बंदीचा भर यांत्रिक नौकांवर असला, तरी त्या काळात खवळलेल्या किनाऱ्यावर उभे राहण्यात शहाणपणा नाही.

किनाऱ्यावर काय सोडून येऊ नये?

वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. हौशी मासेमारीचा उत्तम हंगामही तोच. तुटलेल्या दोरीची गुंडाळी कासवाच्या, पक्ष्याच्या किंवा कुत्र्याच्या पायात अडकते. ती वर्षानुवर्षे कुजत नाही. तुटलेले रबरी लूर मासे गिळतात. म्हणून दोरीचे तुकडे आणि जुने गळ बाटलीत भरून परत आणावेत. रात्री कासव किनाऱ्यावर दिसले तर विजेरी बंद करून दूर थांबावे.

मग हडपसरहून निघताना पिशवीत काय घ्यावे?

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी आमिषाला प्राधान्य द्यावे. वाळूचा किनारा, भरतीचे पहिले दोन-तीन तास, माकुलाची पट्टी आणि मजबूत शिसे एवढ्यावर मासा लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यातून पाणी, पन्हाळ आणि प्रवाह वाचायची सवय लागते. सोबत एक धातूचा चमचा आणि दोन-तीन रबरी मासे ठेवावेत. पाणी निवळले, पृष्ठभागावर लहान मासे उड्या मारताना दिसले किंवा समुद्रपक्षी एका जागी झेपावू लागले, तर लूर बांधायची ती वेळ.

निवड सोपी करण्यासाठी :

– पाणी गढूळ, रात्र, वाळूचा तळ : कोळंबी, माकूल किंवा तारली.

– पाणी निवळ, पहाट किंवा संध्याकाळ, खडकाळ कडा : लूर.

– खाडीचे मुख, ओहोटीची सुरुवात : आधी लूर, उजेड गेला की आमिष.

– खेकडे आमिष टिकू देत नसतील : चिवट माकूल, नाहीतर जागा बदलून लूर.

– तासभर काहीच लागले नाही : आमिष बदलण्याआधी जागा बदला.

दोन्ही प्रकार एकाच काठीवर आलटून-पालटून वापरण्याचा मोह टाळलेला बरा. दर वेळी गाठी सोडण्यात आणि शिसे बदलण्यातच भरती निघून जाते. दोघे जण सोबत असतील तर एकाने आमिष टाकून बसावे आणि दुसऱ्याने लूर घेऊन किनारा चालावा. अर्ध्या तासात कोणाला मासा लागतो, त्यावरून त्या दिवसाचे उत्तर कळते. त्याची नोंद तिथी, भरतीची वेळ आणि पाण्याच्या रंगासह मोबाइलमध्ये करून ठेवली, तर पुढच्या वेळी ताम्हिणी घाट उतरताना पिशवीत काय अधिक भरायचे, याचा अंदाज आधीच बांधता येतो.